उचल

सोलापुरात रिक्षात बसून नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी पुरतं. पत्ता नीट सांगायचा झाला तर पुढे ‘फ्री कॉलनी’ येतं. रेशन कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, पार्सलच्या खोक्यावर हे दोन शब्द रोज लिहिले जातात, आणि ‘फ्री’ म्हणजे नेमकं कशापासून फ्री, हा प्रश्न क्वचितच कुणाला पडतो. उत्तर तारेत आहे. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांतली कुटुंबं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इथं काटेरी तारेच्या आत आणून ठेवली. रोजची हजेरी, बाहेर पडायला पास, बोटांचे ठसे. गिरण्यांना हात हवे होते, सरकारला नजर हवी होती, एकाच कुंपणात दोघांचं भागलं. वर्तणुकीचा शेरा चांगला मिळालेल्या कुटुंबाला तारेबाहेर राहायची परवानगी मिळे. ती फ्री कॉलनी.

या माणसांसाठी मराठीत एक शब्द तयारच होता: उचल्या. मूळ क्रियापद साधं, पण सोलापूर जिल्ह्यात त्याला किती फाटे फुटलेत! ऊसतोडीसाठी मुकादमाकडून दिवाळीआधी आगाऊ पैसे घेतात ती उचल. पोलिसांनी रात्री घरातून नेलं तर ‘पोराला उचललं’. आणि कुणी ते गाऱ्हाणं वर नेलं तर त्यानं मुद्दा उचलला. मानवी हक्कांच्या क्षेत्रातली सरकारी नोकरी, मग ती तहसीलदाराची असो, मानवाधिकार आयोगातल्या अधिकाऱ्याची असो किंवा जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत देशाच्या पाटीमागे बसणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्याची, तिचे बहुतेक दिवस यातला कोणता अर्थ कागदावर उतरवायचा हे ठरवण्यात जातात. 10 डिसेंबरच्या मानवाधिकार दिनाचे फलक आणि भाषणं हा वरचा भाग.

सेटलमेंट चालवणारेही नागरी सेवकच होते, हे विसरून चालत नाही. मुंबई इलाख्यात या वसाहतींची व्यवस्था ज्यांच्याकडे होती ते ओ. एच. बी. स्टार्ट हे आय.सी.एस. अधिकारी. पुढे 1928 साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष तेच. तिला आजही स्टार्ट समिती म्हणतात आणि तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. तारेच्या आत शाळा, काम, दवाखाना देणं म्हणजे सुधारणा, अशी त्या यंत्रणेची प्रामाणिक समजूत होती. दप्तर चोख होतं. हजेरीपट नीट भरलेला असणं आणि हजेरीच मुळात अन्यायाची असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मानवी हक्कांचं शिक्षण घेणाऱ्या नव्या अधिकाऱ्याला मसुरीच्या प्रशिक्षण अकादमीत काय शिकवावं असं कुणी विचारलं, तर मी त्याला आधी हा हजेरीपट दाखवीन.

गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. सोलापूरच्या सेटलमेंटची तार पंडित नेहरूंच्या हस्ते तुटली ती 1960 साली. मधल्या काळात ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले होते. जमातीचं नाव गेलं, माणसाचं आलं, पण पोलीस ठाण्यातली यादी उघडली की आडनावं बरीचशी तीच. ही गोष्ट 2007 साली जिनिव्हात कागदावर आली. वांशिक भेदभावाच्या निर्मूलनासाठी जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या देखरेख समितीनं भारताच्या अहवालावर निष्कर्ष लिहिताना भटक्या-विमुक्तांवरच्या कलंकाचा उल्लेख केला आणि सराईत गुन्हेगार कायदा रद्द करून या जमातींचं पुनर्वसन करा असं सुचवलं. भारताचं म्हणणं असं की जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून हा विषय या करारात बसतच नाही. समितीचं बोट कराराच्या पहिल्या कलमातल्या एका शब्दावर होतं. वंश, रंग, राष्ट्रीय मूळ यांच्या जोडीला तिथं ‘कूळ’ या अर्थाचा शब्द आहे, आणि 2002 साली समितीनं त्यात जातही येते असा अर्थ लावला होता. गंमत अशी की 1965 साली करार लिहिला जात असताना तो शब्द त्यात घालण्याची सूचना भारताच्याच प्रतिनिधिमंडळानं केली होती. चाळीस वर्षांनी त्या शब्दाला उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. शब्द घातला तेव्हा हा अधिकारी कदाचित शाळेतही गेला नसेल.

या कामाकडे जाणाऱ्या वाटा दोन, आणि इथल्या अभ्यासिकांत बसणारी मुलं त्या दोन्ही एकच समजतात. पहिली केंद्रीय लोकसेवा आयोगाची (यूपीएससी). मुख्य परीक्षा 1750 गुणांची, मुलाखत 275ची, एकूण 2025. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते; पूर्वपरीक्षेचा पेपर मात्र इंग्रजी आणि हिंदीतच येतो. इंग्रजी आणि भारतीय भाषा असे 300-300 गुणांचे दोन पेपर फक्त पात्रतेचे, 25 टक्के पुरे. पण त्यात अडकलं तर बाकीचे पेपर मोजलेही जात नाहीत, आणि मराठी माध्यमाची चांगली मुलं इथंच गाफील राहतात. दुसरी चूक करारांची नावं स्वतः भाषांतर करून लिहिण्याची. अधिकृत नाव वर्षासह एकदा लिहावं, मग खुशाल मराठी. परराष्ट्र सेवा मिळाली की मसुरीचा पायाभूत वर्ग, दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, मग एक परकी भाषा शिकण्याची सक्ती. फ्रेंच आली तर जिनिव्हात तिचा उपयोग होतो. पुढे तृतीय सचिव, द्वितीय सचिव, प्रथम सचिव अशी चढण. मानवी हक्कांचं टेबल बहुधा प्रथम सचिवाच्या आसपासच्या दर्जावर मिळतं आणि तीनेक वर्षांत सुटतं. त्यानंतर तोच माणूस व्यापार किंवा पासपोर्ट सांभाळत असतो.

दुसरी वाट थेट संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची. तिथं चढण व्यावसायिक श्रेणीतल्या ‘पी-2’पासून ‘पी-5’, मग संचालक श्रेणी. तरुण व्यावसायिकांसाठीच्या परीक्षेला वयाची मर्यादा 32, पदवी हवी, आणि आपला देश त्या वर्षीच्या यादीत आहे का हे आधी बघायचं, कारण यादी बदलत राहते. बरेच जण आधी स्वयंसेवक म्हणून किंवा सहा-सहा महिन्यांच्या करारावर जातात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. आर्थिक हिशेब घरच्यांना आधीच समजावून सांगावा हे बरं.

दोन वाटांमधला फरक पगाराचा वाटतो, पण तो निष्ठेचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 100 सांगतं की सचिवालयातल्या कर्मचाऱ्यानं कुठल्याही सरकारकडून सूचना मागायच्या नाहीत आणि घ्यायच्याही नाहीत. राजनैतिक अधिकाऱ्याचं सगळं काम सूचनेवर चालतं. एकाच दालनात, एकाच ठरावावर, दोन भारतीय समोरासमोर बसलेले असू शकतात. एकाला दिल्लीचा फोन घेणं कर्तव्य, दुसऱ्याला तो न घेणं. काही जणांनी आयुष्यात दोन्ही खुर्च्या पाहिल्या. विरेंद्र दयाळ आधी भारतीय प्रशासकीय सेवेत, मग संयुक्त राष्ट्रांत सरचिटणीसांचे कार्यालयप्रमुख, आणि परतल्यावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे सदस्य. आपल्याकडचं जवळचं उदाहरण ज्ञानेश्वर मुळे यांचं: शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे, 1983च्या तुकडीचे परराष्ट्र सेवा अधिकारी, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत, आणि निवृत्तीनंतर 2019 साली आयोगावर. सेवेत सरकारची बाजू मांडायची आणि आयोगावर सरकारला जाब विचारायचा. हे वळण कागदावर दिसतं तितकं सोपं नसणार.

पण सगळ्याची सुरुवात तालुक्यात होते. उसाचंच बघा. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. फेड तोडलेल्या टनांतून. हिशेब मुकादमाच्या वहीत. आजारपण, पाऊस, बैल दगावला की उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामावर जाते. आता समजा एक कुटुंब फडावरून पळून आलं आणि प्रांताधिकाऱ्यासमोर उभं राहिलं. कागदावर दोन शब्द शक्य आहेत: ‘मजुरीचा वाद’ किंवा ‘वेठबिगार’. पहिला लिहिला तर प्रकरण कामगार खात्याकडे जातं आणि तडजोडीत मिटतं, बहुधा मुकादमाच्या बाजूनं. दुसरा लिहिला तर 1976चा वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा लागतो, कर्ज कायद्यानंच संपतं, आणि कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 15प्रमाणे मालकावर येते. जिल्हाधिकारी किंवा प्रांत मुक्ततेचा दाखला देतो. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत. पुढचं पुनर्वसन पुरुषाला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख, अतिशोषणाच्या प्रकरणात 3 लाख. ही मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली असल्यानं ती अनेकांच्या हाती पोचतच नाही.

चौकशी फसते ती ठरावीक जागी. जबाब मुकादमाच्या किंवा मालकाच्या देखत घेतला जातो. दहा मजुरांचे जबाब एकाच वाक्यरचनेत टाइप होतात. बचावाचा वकील ते कोर्टात शेजारी शेजारी ठेवतो आणि खटला तिथंच बसतो. ‘पैसे घेतले होते का?’ एवढंच विचारलं जातं, ‘सोडून जाता आलं असतं का?’ हे विचारलंच जात नाही. खरं तर तोच कळीचा प्रश्न. उचल किती, कुणाच्या हातून, कुठल्या तारखेला, किती टन तोडले, वही कुणाकडे, आधार कार्ड किंवा मोबाइल कुणी ठेवून घेतला, घरातलं कुणी मागे ठेवलं आहे का, जाऊ म्हटल्यावर काय झालं: एवढं वेगवेगळं आणि मजुराच्या शब्दांत आलं पाहिजे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणं हीसुद्धा घटनेच्या कलम 23खालची सक्तीची मजुरी ठरते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1982 सालीच, एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. तरी पुष्कळ अधिकारी साखळदंड शोधत बसतात. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे घाई. मजुरांना त्याच रात्री गाडीत बसवून गावी पाठवतात, दाखला मागाहून पाठवू म्हणतात, तो जात नाही, आणि त्यांच्या जिल्ह्यातला अधिकारी दाखल्याशिवाय एक रुपया काढू शकत नाही. सुटका झाली, कागद झाला नाही.

हीच उचल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांच्या समितीपुढे येते, कारण सक्तीच्या मजुरीविरुद्धचा 29 क्रमांकाचा करार भारतानं 1954 सालीच मान्य केला आहे. किती प्रकरणं उघडकीस आली, किती सुटली, किती खटले चालले असे प्रश्न तिथून येतात. दिल्ली राज्याला विचारते, राज्य जिल्ह्याला. तालुक्यात ‘मजुरीचा वाद’ लिहिलेलं असेल तर जिल्ह्याचं उत्तर जातं: निरंक, म्हणजे शून्य. जिनिव्हात उभा राहणारा अधिकारी त्या ‘निरंक’वरच बोलतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला मिळालेला कागद तसा असतो.

सोलापूरला एक फायदा आहे ज्याची किंमत इथल्या मुलांनाच ठाऊक नाही. गल्लीत मराठी, विडी वळणाऱ्या आणि मागावरच्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाजारात दख्खनी उर्दू, सेटलमेंटमध्ये आणखी वेगळ्या बोली. मानवी हक्कांच्या पथकात चांगला दुभाषी मिळणं हे सगळ्यात अवघड काम असतं, आणि इथलं पोरगं ते खेळता खेळता शिकतं. फक्त त्याला शिस्त हवी. दुभाष्यानं ‘ती म्हणते की’ न म्हणता ‘मी’ म्हणूनच भाषांतर करायचं. नातेवाईक दुभाषी नको. नवऱ्यासमोर बायको सांगत नाही, आणि सांगितलं तरी नवरा भाषांतरात गाळतो. एका वेळी एक-दोन वाक्यं. सारांश नाही.

‘त्याला मारलं’ हे वाक्य घ्या. मराठीत याचा अर्थ मारहाण केली असा होतो आणि जीव घेतला असाही. इंग्रजीत एकच शब्द निवडावा लागतो आणि चुकला तर मारहाणीचा खून होतो किंवा खुनाची मारहाण. विचारून घ्यायचं: मग तो उठला का? दवाखान्यात नेलं का? ‘पोलिसांनी उचललं’ हेही तसंच. अटक केली, चौकशीला नेलं, की कुठं नेलं हे कुणालाच माहीत नाही? अटक असेल तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायला हवं, प्रवासाचा वेळ सोडून. म्हणून वेळ महत्त्वाची. खेड्यातला माणूस वेळ घड्याळात सांगत नाही. तो म्हणतो, गाडी गेल्यावर, अजानीच्या सुमारास, नळाला पाणी आल्यावर. चांगला अधिकारी ते तसंच लिहून घेतो, मग त्या भागात पाणी किती वाजता येतं ते वेगळं तपासतो. सोलापुरात त्याला त्यासाठी दिवसही तपासावा लागेल, कारण नळाला पाणी रोज येत नाही.

साक्षीदाराकडे तिसऱ्यांदा-चौथ्यांदा जाणं हा आणखी एक दोष. आधी पत्रकार, मग संस्था, मग आयोग, मग कुणी परदेशी. प्रत्येक वेळी तीच बाई तेच सांगते, तपशील थोडे सरकतात आणि वकील ते पकडतो. छळाच्या वैद्यकीय नोंदीसाठी 1999चा इस्तंबूल प्रोटोकॉल आहे, संशयास्पद मृत्यूच्या तपासासाठी मिनेसोटा प्रोटोकॉल, जो 2016 साली नव्यानं आला. दोन्हींचा गाभा साधा आहे: संमती घ्या, इजा वाढवू नका, जे दिसलं आणि जे सांगितलं गेलं ते वेगवेगळं लिहा. वहीत साक्षीदाराचं पूर्ण नाव लिहू नये, क्रमांक लिहावा, नावांची यादी दुसरीकडे ठेवावी. वही रिक्षात विसरते.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोग 12 ऑक्टोबर 1993 रोजी स्थापन झाला. महाराष्ट्राचा आयोग मुंबईत आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेली चालते. तरी ढिगानं तक्रारी पहिल्याच टप्प्यावर निकाली निघतात. कारणं तीच ती. घटनेला एक वर्ष होऊन गेलेलं असतं आणि मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 36प्रमाणे आयोगाला हात लावता येत नाही. प्रकरण कोर्टात चालू असतं. नोकरीतल्या बढतीचं गाऱ्हाणं असतं. किंवा चार पानं भावनेची आणि तारीख कुठंच नाही. एका पानात बसवावी: कुणी, कुणाला, कधी, कुठं, काय केलं, कुठल्या सरकारी माणसानं केलं किंवा होऊ दिलं, आधी कुठं अर्ज दिला, काय हवंय. कोठडीतल्या मृत्यूसाठी मात्र तक्रारीची वाट बघायची नसते; डिसेंबर 1993पासून नियम असा की जिल्ह्यानं 24 तासांत आयोगाला कळवायचं. नंतर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि त्याचं चित्रीकरण, दंडाधिकारी चौकशी, आत घेताना केलेली आरोग्य तपासणी असे कागद मागवले जातात. यातली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्लक्षित. आत जाताना माणूस कसा होता हे लिहिलेलंच नसेल तर आतमध्ये काय झालं हे कशाशी ताडून बघणार? आयोग शेवटी शिफारस करतो, हुकूम देत नाही. त्यावरून त्याला बिनदातांचा म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. नुकसानभरपाईच्या शिफारशी पुष्कळदा पाळल्या जातात, जबाबदार माणसावरच्या कारवाईच्या तितक्या नाहीत.

सोलापूरहून पुण्याला परीक्षेची तयारी करायला जाणारी मुलं पूर्वी हमखास हुतात्मा एक्स्प्रेसनं जायची, अजूनही जातात. गाडीचं नाव ज्या चौघांवरून पडलं, ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याआधी मे 1930मध्ये, गांधीजींच्या अटकेनंतर, शहरात गोळीबार झाला आणि लष्करी कायदा पुकारला गेला. त्या कायद्याखालच्या शिक्षांचा प्रश्न त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. पुढे 1966च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात कलम 4 आलं: आणीबाणीत राज्याला काही हक्क स्थगित करता येतात, पण जगण्याचा हक्क, छळापासून मुक्ती, गुलामगिरीला बंदी, पूर्वलक्षी शिक्षेला बंदी असे काही हक्क तेव्हाही स्थगित करता येत नाहीत. आणि स्थगित केलेत तर कोणतं कलम, का, हे सरचिटणीसांमार्फत बाकीच्या देशांना ताबडतोब कळवायचं, उठवल्यावर पुन्हा कळवायचं. ते पत्र लिहिणं हे परराष्ट्र सेवेतल्या कुणाचं तरी काम असतं. भारत या करारात 1979 साली सामील झाला. छळविरोधी करारावर मात्र 1997ची सही आहे, अनुमोदन अजून नाही. दर वेळी जिनिव्हात हा प्रश्न येतो आणि दर वेळी टेबलावरचा अधिकारी त्याचं उत्तर देतो, मनात काय असेल ते असो.

त्या टेबलावरचा दिवस कसा असतो? हिवाळ्यात दिल्ली जिनिव्हाच्या साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. संध्याकाळी सहाला ठरावाच्या मसुद्यावर नवा परिच्छेद आला तर दिल्लीत रात्रीचे साडेदहा झालेले असतात आणि सकाळच्या बैठकीला सूचना हवी असते. मानवाधिकार परिषदेचे 47 सदस्य, वर्षातून किमान तीन अधिवेशनं, मिळून किमान दहा आठवडे. ठराव मुख्य सभागृहात होतो असं बाहेरून वाटतं. तो होतो शेजारच्या छोट्या खोल्यांतल्या अनौपचारिक बैठकांत. मसुदा पडद्यावर, वादाचे शब्द चौकोनी कंसात. एक देश ‘आवाहन करते’ म्हणतो, दुसरा ‘आमंत्रित करते’ म्हणतो, तिसरा ‘योग्य तेथे’ हे शब्द घुसवतो आणि सगळी हवा काढून घेतो. आधीच्या ठरावात मंजूर झालेली शब्दरचना हातात असली की अर्धी लढाई जिंकली. म्हणून जाणता अधिकारी मागच्या दहा वर्षांच्या ठरावांची स्वतःची वही ठेवतो. नवखा माणूस भाषणावर रात्र घालवतो. भाषण दुभाष्यांना आधी द्यायचं असतं, आणि मिनिटाला सव्वाशेच्या पुढे शब्द गेले की सहा भाषांतल्या श्रोत्यांना फक्त धाप ऐकू जाते.

प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीचा चार-साडेचार वर्षांनी येणारा सार्वत्रिक आढावा म्हणजे सगळ्यात मोठा दिवस. साडेतीन तास. त्यातली 70 मिनिटं ज्याचा आढावा त्याला, 140 बाकीच्या देशांना. 130 देश बोलले तर प्रत्येकाला जेमतेम 65 सेकंद, तेवढ्यात नमस्कार, कौतुक आणि शिफारस. समोर तीन कागद: देशाचा स्वतःचा अहवाल, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांचं संकलन, आणि स्वयंसेवी संस्थांच्या निवेदनांचा सारांश. या तिसऱ्यात सोलापूरची एखादी संस्थाही शिरू शकते, फक्त मुदत सत्राच्या काही महिने आधी संपते आणि शब्दमर्यादा कडक असते. 2017 साली भारताला 250 शिफारशी आल्या. 152 मान्य झाल्या. उरलेल्या नाकारल्या असं कागदावर कुठंही लिहिलेलं नसतं. तिथं शब्द आहे ‘नोंद घेतली’. आपल्या कचेऱ्यांत चपराशालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या धंद्याचा पहिला माणूस, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार विभागाचा पहिला संचालक, जॉन हम्फ्री. कॅनडाचा. सहा वर्षांचा असताना भाजल्यामुळे डावा हात गेला, अकराव्या वर्षी आईही गेली. कायद्याचा प्राध्यापक म्हणून मॅकगिल विद्यापीठात होता. 1946 साली सचिवालयात आला आणि वीस वर्षं राहिला. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचा पहिला आराखडा, 48 कलमांचा, त्यानं केला. फ्रान्सचे रने कासँ यांनी त्याला नवं रूप दिलं, आणि जनक म्हणून कासँ यांचंच नाव झालं. 1968चं नोबेलही त्यांना मिळालं. हम्फ्रीच्या कागदपत्रांतून खरा क्रम पुढे आला तो बऱ्याच वर्षांनी. सचिवालयातल्या माणसाचं नाव मसुद्यावर नसतंच, तसा नियमच आहे. याच मसुद्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ आले ते भारताच्या हंसा मेहता यांच्या आग्रहानं. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिसमध्ये 48 देशांनी बाजूनं मत दिलं, 8 तटस्थ, विरोधात कुणी नाही. त्या दिवशी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तार होती.

आणि आता अलीकडचं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींच्या माणसाला सवयीचा गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी काढायला सांगितल्या. तीन महिन्यांत राज्यांनी नियमावल्या बदलाव्यात, आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढावा, असा आदेश झाला. प्रकरण उभं राहिलं ते एका पत्रकार बाईंच्या वार्तांकनातून. जिनिव्हातल्या समितीनं 2007 साली जे लिहिलं होतं त्याच्याशी ते सतरा वर्षांनी येऊन भिडलं.

रजिस्टरं छापील असतात. जुना साठा संपेपर्यंत तीच वापरायची, असा कचेऱ्यांचा रिवाज. त्यामुळे आदेश आल्यावर तुरुंगाच्या दारातल्या कारकुनापुढे छापील रकाना तसाच उभा, आणि नवा कैदी समोर. रकाना रिकामा सोडायचा, रेघ मारायची, की ‘निरंक’ लिहायचं, हे कुठल्यातरी अवर सचिवाला परिपत्रक काढून त्याला कळवावं लागतं.